तळ्याला वळसा

तांदूळ धुताधुता प्रयागबाईचा हात पातेल्यातच थांबला. बाहेर परसात आवडी बाहुलीला आंघोळ घालत होती, आणि शाळेतल्या मुली कविता म्हणतात तशा हेलात, शब्द ओढून ओढून, बाहुलीला काहीतरी पढवत होती. "तळं आमचंच हाय. पहिल्यापासनं आमचंच हाय. तिथं कधी काय झालं नाय." बाहुलीनं बहुधा नीट म्हटलं नसावं, कारण आवडीनं तिच्या चिंध्यांच्या गालावर एक चापट दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पातेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. त्यात बुडालेली आपली बोटं प्रयागबाईला दिसेनात, आणि उगाच वाटून गेलं की ती तिथं नाहीतच.

"आवडे, हे कुणी शिकवलं गो तुला?"

"शकूनं."

"आणि शकूला?"

"तिच्या आज्यानं." आवडीनं मान वर करून आईकडे नवलानं पाहिलं. "तुला येत नाय? तू बाई ना?"

येत कसं नाही. काल दुपारीच ही ओळ तिला ऐकवली गेली होती. शाळा सुटलेली, मुली पांगलेल्या, पलीकडच्या वर्गात ठमाबाई केरसुणी ओढत होती, आणि शकूचे आजोबा, शाळा कमिटीचे महिपतराव, खुर्ची सोडून खिडकीला टेकून उभे होते. त्यांनी तिला 'सूनबाई' म्हटलं. एरवी शाळेत ते तिला 'बाई' म्हणत, चारचौघांत 'प्रयागबाई, आपण' असंही म्हणत. 'सूनबाई' घरातलं होतं. ते तिच्या नवऱ्याच्या भावकीतले, नात्यानं चुलतसासरे. त्यांच्या शब्दावर तिला शाळेतली ही हंगामी नोकरी लागली होती, त्यांच्याच परसातल्या खोलीत ती लेकीला घेऊन राहत होती, आणि त्यांच्या गोदूबाई रोज सकाळी आवडीसाठी वाटीभर दूध न मागता धाडत होत्या. म्हणून 'सूनबाई' म्हटल्याबरोबर तिचा हात आपसूक पदराकडे गेला, आणि एवढा वेळ वर्गात उभी असलेली बाई कुठं गेली ते तिचं तिलाही कळलं नाही. ती ओळ तिनं मुठीत झाकून घरी आणली होती. ठमाबाईला सांगितली नव्हती, मनातल्या मनात उच्चारलीसुद्धा नव्हती. आपण तोंड उघडलं नाही तर ती बाहेर पडणार नाही, असं तिनं धरून चाललं होतं. आणि आज सकाळी ती तिच्या आधीच उठून परसात खेळत होती, तिच्याच पोटच्या पोरीच्या तोंडात.

तांदूळ वैलावर चढवून ती चुलीपुढं बसून राहिली. शिजत्या भाताचा पहिला वास आला की अजून तिचं लक्ष उडून जाई, आणि ते का हे दत्तारामलासुद्धा तिनं कधी सांगितलं नव्हतं. दत्ताराम मुंबईला गिरणीत रंगखात्यात. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, नखांच्या कडांना निळा रंग तसाच घेऊन. 'भात उतू चाललाय, लक्ष कुठं असतं तुझं,' म्हणायचा. लक्ष असायचं मामाच्या घराच्या माळ्यावर. पाच वर्षं व्हायला आली. सातवीच्या परीक्षेसाठी ती महाडात मामाकडे राहिली होती, मार्च महिना, माळ्यावर गरम होत होतं म्हणून खिडकी उघडी, आणि खालून माणसांची रांग चालली होती. ओरडा नाही, वाजंत्री नाही, नुसती पावलं. एवढी माणसं एवढी गप्प चालताना तिनं मयतातसुद्धा पाहिली नव्हती. ती तळ्याशी गेली, पायऱ्या उतरली, ओंजळीनं पाणी प्याली. बस. तिला आठवत होतं ते तिचं त्या वेळचं नवल: एवढंच? एवढंच करायचं होतं? आणि दुपारी मामानं खिडकी लावून घेतली तरी फटीतून दिसत होतं. धावणारी माणसं, काठ्या, कुणाच्या तरी पागोट्याचा सुटलेला सोगा, आणि रस्त्यात, ऐन धुळीत, पांढरा वाफाळता भात. जेवायला बसलेल्यांचं कुणीतरी उधळलं होतं. त्या भाताचा वास फटीतून वर आला तेव्हा तिला भूक लागली. हेच ती कुणाला सांगू शकली नव्हती. माणसं मार खात होती आणि आपल्याला भूक लागली होती. पुढं घागरी घागरी ओतून तळं शुद्ध केलं, शेणाचा न् दह्याचा वास दोन दिवस गल्लीत होता, आणि मग गावात ती गोष्ट कुणी बोलेनासं झालं. म्हणजे बोलत, पण कडेकडेनं. बायका तळ्यावरून जाताना ओल्या पायऱ्या टाळून जात तसं.

आता तळ्याचा दावा कोर्टात होता. तळं गावाचं की काठच्या घरांचं, यावर वकील भांडत होते, आणि गाव वाट पाहत होतं. कसली वाट, ते कुणी सांगत नव्हतं.

सगळं सुरू झालं ते नकाशापासून. दर वर्षी डेप्युटीसाहेबांच्या तपासणीच्या आधी चौथीच्या मुली शाळेच्या अंगणात तालुक्याचा मातीचा नकाशा करत. गांधारीच्या काठची चिकण माती टोपल्यांनी आणायची, अंगण सारवून घ्यायचं, मग उत्तरेला रायगड म्हणून एक काळा धोंडा, पूर्वेला घाटाची रांग, तिच्या पायाशी पोलादपूरचं खोरं, बोटांनी कोरलेली सावित्री, तिला येऊन मिळणारी गांधारी. नद्यांत नीळ कालवलेलं पाणी, रस्त्यांवर रांगोळी. आणि महाडाच्या मधोमध, तळं म्हणून, प्रयागबाईची माहेरची पितळी परात मातीत पुरलेली, काठोकाठ भरलेली. नकाशा अंगणभर असे. मुली रांगेनं त्यात उतरत, रस्त्यारस्त्यानं चालत आपापल्या ठिकाणी जात आणि त्या ठिकाणची माहिती सांगत. तीन वाक्यं, जास्त नाहीत. तीन वाक्यांत सांगता येत नाही ते तुम्हाला कळलेलंच नाही, असं ती मुलींना म्हणे. आणि चुकलं की तिचा एकच शब्द: "चूक." मग ती स्वतः नीट म्हणून दाखवी, आणि मुलीनं सबंध पुन्हा म्हणायचं. त्यात राग नसे. दुधावरची माशी काढावी तसं ते 'चूक' असे, आणि मुलींना त्याचं काही वाटत नसे.

तळ्यावर कोण, असं तिनं पंधरवड्यापूर्वी विचारलं तेव्हा एकही बोट वर झालं नाही. रायगडासाठी भांडणं, सावित्रीसाठी रुसवेफुगवे, आणि तळ्याला कुणी नाही. तेव्हा ओसरीच्या टोकावरून रखमा म्हणाली, "मी सांगू, बाई?" रखमा महारवाड्यातली. सरकारी हुकमानं ती शाळेत आली होती आणि कमिटीच्या हुकमानं ओसरीवर, आपल्या गोणपाटावर, बसत होती. ती अंगणात उतरली, बाकीच्या मुली परकर आवरून बाजूला झाल्या, आणि परातीशी उभं राहून तिनं सांगितलं, "हे तळं गावाचं हाय. पाच वरसांमागं आमची माणसं हितं आली न् ओंजळीनं पानी प्याली. त्या दुपारच्याला त्यांना मारलं." तीन वाक्यं. अंगणात एक मुलगी कशावरून तरी हसत होती, तिचं हसू मध्येच राहिलं. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. प्रयागबाईनं शाबास म्हटलं नाही. तिनं फक्त 'चूक' म्हटलं नाही. "पुढं," म्हणाली. तेवढंच घडलं होतं, आणि तेवढं संध्याकाळच्या आत घरोघरी पोचलं होतं.

"त्या पोरीला काही बोलू नका, सूनबाई. लहान आहे," काल महिपतराव म्हणाले होते. त्यांचा आवाज नेहमीच मायेचा असे. "नकाशातलं तळंच काढून टाका, म्हणजे झालं. कोर्टातली गोष्ट पोरींच्या तोंडी बरी दिसत नाही."

"तात्या, तळं गावात आहेच की."

"गावात आहे. नकाशात कशाला?" ते हसले, डबी काढून चिमूटभर तपकीर बोटांत घेतली, ओढली मात्र नाही. "आणि साहेबांनी विचारलंच तर एवढं सांगायचं. तळं आमचंच. पहिल्यापासून आमचंच. तिथं कधी काही झालं नाही. तुमचीच तीन वाक्यं, बघा. तुमच्या नियमात बसवून आणलीत."

तिला वाटलं होतं म्हणावं, तात्या, आपणच सांगितलं होतंत. मिठाच्या वर्षी, दोन वर्षांपूर्वी. त्या वेळी साहेबांनी येऊन वर्गातली एक तसबीर उतरवायला लावली होती आणि सत्तावनचा धडा पुस्तकात आहे तसाच, शिपायांचं बंड म्हणूनच, शिकवायचा असं बजावलं होतं. साहेबाची गाडी वळली तसे महिपतराव खादीची टोपी डोक्यावर चढवून वर्गात आले होते. रागानं त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बंड नव्हे, बाई. आमचा इतिहास आमच्या पोरींना परक्यानं सांगायचा? पुस्तकात आहे ते साहेबासाठी वाचा. आणि पुस्तक मिटलं की खरं सांगा." त्या दिवशी ती घरी गेली ती जमिनीवरून चाललीच नव्हती. एवढा मोठा माणूस आपल्याला म्हणाला, खरं सांगा. तेव्हापासून वर्गात तशी वहिवाटच पडली होती. ती पुस्तक मिटायची, आणि पुस्तक मिटल्याच्या त्या बारीक आवाजासरशी मुली पुढं सरकून बसायच्या, आता खरं येणार म्हणून. त्यांचे डोळे त्या क्षणी कसे व्हायचे ते आठवून तिला अजून सुख वाटे. पण अंगणात पुस्तक नव्हतं. मातीवर सगळं उघडंच होतं, मिटायला काही नव्हतं.

काल यातलं काहीच ती बोलली नाही, कारण तिनं तोंड उघडण्याआधीच महिपतरावांनी खिडकीबाहेर डोंगरांकडे पाहिलं. "कुडपणच्या अंगाला एक शाळा काढायचं चाललंय बोर्डाचं. मास्तर कुणी चढून जायला तयार नाही. माझ्याकडे विचारणा आहे. मी म्हटलं, आमची सूनबाई डोंगरातलीच." मग जरा थांबून, अगदी काळजीनं, "हवा चांगली आहे हो तिकडची. मुलीला मानवेल."

हवा चांगली होती. ते काय तिला ठाऊक नव्हतं? सासर तिकडंच, पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत; सासूबाई बनुबाई अजून तिथंच होत्या. भिंतींना ओल यायची, दाराबाहेर हात लांब केला तर ढग हाताला लागायचा, आणि तसल्या हवेत गेल्या श्रावणात, ती सणाला वर गेली असताना, तिचा पांडू तापला होता. सहा महिन्यांचं पोर. आवडीनंतरचं. छाती नुसती भात्यासारखी चालली होती. भर दुपारी चौघांनी त्याला डालग्यात घालून पावसासाठी वर इरलं धरलं, ती मागून धावत होती, आणि ओढ्यापर्यंत जाऊन ते चौघं उभे राहिले. पलीकडे वाट होती, वाटेच्या शेवटी महाड होतं, महाडात डॉक्टर होता. मध्ये पाणी होतं. ते वळले तेव्हा तिला त्यांचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत पाण्यानं धुऊन पांढरे पडलेले, सुरकुतलेले, म्हाताऱ्यासारखे. तोंडं आठवत नाहीत, पाय आठवतात. ओढ्याच्या अलीकडे परत आणलेल्या त्या पायांनीच तिला सांगितलं होतं की पांडू आता वाचत नाही. मग ती आवडीला उचलून महाडला परतली ती पुन्हा वर गेली नाही. बनुबाईंनी बोल लावला, दत्तारामनं पत्रात लिहिलं की पगार येतोय तोवर राहा. आवडीची छातीही तशीच होती. थंडीच्या दिवसांत पहाटे तिचा श्वास शीळ घालायचा आणि प्रयागबाई अंगावरची गोधडी कानापासून दूर करून ती शीळ मोजल्यासारखी ऐकत पडायची. महाडात डॉक्टर दोन गल्ल्यांवर होता. ही दोन गल्ल्यांची जवळीक म्हणजेच तिची नोकरी होती. बाकी पगार, मान, सगळं त्याच्या मागून.

म्हणून तिनं परात काढली. भात उतरवून, त्या सकाळीच, मुली यायच्या आत, स्वतःच्या हातांनी. मातीनं परात घट्ट धरून ठेवली होती. निघाली तेव्हा चिखलातून पाय ओढून काढताना होतो तसा आवाज झाला. खाली गोल खड्डा राहिला, लख्ख, परातीच्या बुडाचा ठसा उमटलेला. तिनं त्यात माती भरली, हातानं थापली, वरून सारवलं. ठमाबाई केरसुणी टेकून बघत होती. ही मुलींना घरोघरी जाऊन बोलावून आणणारी, शाळा झाडणारी, आवडीला कडेवर वागवणारी म्हातारी. तिच्यापासून काही लपत नसे.

"बुजावलंस?"

"बुजवलं."

"बरं केलंस. तू कशाला पडतेस त्यात, बाय. पोर हाय पदरात." मग जरा वेळानं, तंबाखू गालात सरकवत, "तात्यांच्या डोकीवर काय हाय त्ये बघून मी सांगते गो कोन येनार हाय गावात. टोपी असली तर गावचे लोक. रुमाल बांधला तर दिपोटी. परवाच्याला रुमाल धुवाया टाकलाय गोदूबायनं."

प्रयागबाईला हसू आलं. "आणि तू काय केलं असतंस, ठमाबाई?"

"मी? मी केर काढला आसता," ठमाबाई म्हणाली आणि केर काढू लागली.

पण ती जागा वाळेना. भोवतालची माती एका दिवसात पांढुरकी झाली, तडे जायला लागली, आणि मधला तो गोल तसाच काळा, ओला. तिनं त्यावर कोरडी माती भुरभुरली. दुपारपर्यंत ती शोषून पुन्हा काळा. जणू खालून कुणी श्वास सोडत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे मुलींची पावलं. सराव सुरू झाला, पहिली मुलगी बाजाराच्या रस्त्यानं निघाली, महाडाच्या मधोमध आली, आणि तिथं काही नसताना, परकर किंचित उचलून, वळसा घालून पुढं गेली. तिच्यामागची तशीच. तिच्यामागचीही. "सरळ चाला गो," प्रयागबाई म्हणाली. मुली हसल्या, सरळ चालल्या, आणि पुढच्या खेपेला पुन्हा वळसा. तिनं ओरडून पाहिलं, हात धरून सरळ नेऊन पाहिलं. मुली मुद्दाम करत नव्हत्या. आयुष्यभर त्या पावलांनी तिथं वळसाच घातला होता. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती रायगडाचा धोंडा नीट बसवायला म्हणून अंगण ओलांडून गेली, आणि मागं वळून पाहिलं तर धुळीत तिचीही पावलं त्या गोलाच्या कडेनं वाकडी गेलेली.

"बाई, मंग मी कुठं उभी ऱ्हाऊ?" रखमानं विचारलं होतं.

"तू गांधारीवर."

"गांधारीचं काय सांगू?"

"सावित्रीला मिळते म्हणून सांग."

"त्ये समद्यांना ठावं हाय." रखमा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यानंच प्रयागबाईला जास्त वाईट वाटलं. "बापूस इचारीत हुता, बाईंनी चूक म्हटलं काय म्हनून. त्याच्या डोस्क्याला खूण हाय ना हितं, तवाची. मी म्हटलं, नाय म्हटलं. तर त्यो हासला. लय दिसांनी हासला."

तपासणीच्या सकाळी महिपतराव रुमाल बांधून आले. डेप्युटीसाहेब हडकुळे, थकल्यासारखे, हातात वेताची काठी, प्रत्येक शाळेत तेच पाहून कंटाळलेले. मातीचा नकाशा पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला. "वा, बाई. नदीला उतार बरोबर दिलाय." प्रयागबाईला त्या एका वाक्यानं रडू यायचं बाकी राहिलं. सगळं ठीक होईल. मुली सांगतील, साहेब जातील, गोदूबाईंचं दूध येत राहील, थंडी सरेल. कमिटीची मंडळी खुर्च्यांवर बसली. ओसरीच्या पायरीशी ठमाबाई आवडीला कडेवर घेऊन उभी होती; पोरीनं दोन वेण्या घालून घेतल्या होत्या, शकूसारख्या. मुली उतरल्या. रायगड झाला. घाट झाला. रखमानं गांधारी सांगितली, एका दमात, कुणाकडे न बघता. आणि बाजाराच्या रस्त्यानं चालणारी प्रत्येक मुलगी महाडाच्या मधोमध आली की परकर उचलून वळसा घालत होती. एक. मग दुसरी. मग तिसरी. प्रयागबाई त्यांच्या पायांकडे बघत होती आणि तिच्या लक्षात आलं की साहेबही पायांकडेच बघताहेत.

वेताची काठी पुढं झाली, आणि तिचं टोक त्या काळ्या ओल्या गोलावर टेकलं. किंचित आत रुतलं.

"इथं काय आहे?"

एक मुलगी ओठ चावत होती. महिपतराव खुर्चीत मागं रेलून हसले. "पोरी आहेत, साहेब. खेळ करतात."

"बाई, इथं काय आहे?"

काही नाही, असं म्हणायचं. दोन शब्द. तिनं ते जिभेवर घेतले, ते तिथं कोरड्या पिठासारखे बसले, आणि त्याच वेळी ओसरीच्या पायरीवरून, ठमाबाईच्या कडेवरून, खणखणीत आवाज आला. आपल्याला येतंय आणि एवढ्या मोठ्या मुलींना येत नाही, हा आनंद त्यात मावत नव्हता. "तळं आमचंच हाय. पहिल्यापासनं आमचंच हाय. तिथं कधी काय झालं नाय."

खुर्च्यांवर हशा पिकला. ठमाबाईनं पोरीला खाली ठेवलं, जणू चटका बसला होता. महिपतराव उठले, त्यांनी आवडीच्या वेणीवरून हात फिरवला. "शाबास. बाईंची लेक शोभते." साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सबंध नकाशावर नजर फिरवली, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत. "कोणतं तळं?" ते म्हणाले. "मला तर कुठं दिसत नाही."

आवडी आईकडे बघत होती. दोन्ही हात मागं बांधून, उत्तर बरोबर आलेल्या मुली बघतात तशी, शाबासकीची वाट पाहत. तिची छाती भराभर वरखाली होत होती, नुसत्या उत्साहानं. प्रयागबाईला तो श्वास तिथवर ऐकू येत होता. ओढा दिसत होता, पांढरे पडलेले पाय दिसत होते, डालगं दिसत होतं, आणि डालग्यात या वेळी दोन वेण्या होत्या. गप्प राहिलं तर हे पोर जगेल. आणि जन्मभर हेच म्हणेल, याच हेलात, बाहुल्यांना, मग लेकरांना. धुळीतला तो भात हिच्यापर्यंत पोचण्याआधीच पुसून गेला असेल. तिचं बोट सवयीनं गांधारीकडे निघालं होतं. एकीचं चुकलं की दुसरीला विचारायचं. रखमानं मान वर केली. प्रयागबाईनं ते बोट आवरलं, पदरात घेतलं. हे ओझं त्या पोरीच्या डोक्यावर द्यायचं नव्हतं.

"चूक," ती म्हणाली.

आवाज वर्गातलाच निघाला, ना चढा, ना हलका, आणि तो ऐकून तिलाच आश्चर्य वाटलं. ती आवडीपुढं खाली बसली. "नीट ऐक. हे तळं गावाचं आहे. पाच वर्षांपूर्वी महारवाड्यातली माणसं इथं आली आणि ओंजळीनं पाणी प्याली. त्या दुपारी त्यांना मारलं. म्हण."

"पण शकू तर..."

"शकूचंही चूक. पुन्हा म्हण."

आवडीनं एकदा खुर्च्यांकडे पाहिलं, एकदा आईच्या तोंडाकडे. मग तिनं म्हटलं. त्याच हेलात, शब्द ओढून, शेवटच्या शब्दावर मान डोलावून. "त्या दुपाऽरी त्यांना माऽरलं." अंगणात इतकं शांत होतं की नदीतल्या निळीत एक गांधीलमाशी पडून फडफडत होती तेसुद्धा ऐकू येत होतं.

साहेबांनी घसा साफ केला. काठी उचलली, तिच्या टोकाची माती चपलेवर झटकली. "हं," ते म्हणाले. "पोलादपूरचं कोण सांगणार?" पोलादपूरची मुलगी सांगू लागली. तिचं सांगणं चालू असताना रखमा गांधारीवरून निघाली, चालत त्या ओल्या जागेच्या काठाशी आली आणि उभी राहिली. तिला कुणी हटकलं नाही. कुणी पाहिलंच नाही असं सगळ्यांनी केलं.

निघताना महिपतराव प्रयागबाईपाशी थांबले. त्यांनी खिशातून खडीसाखरेचा खडा काढून आवडीच्या हातावर ठेवला. रागाची रेघसुद्धा चेहऱ्यावर नव्हती. कानाच्या पाळ्या नेहमीसारख्या होत्या, आणि त्याच तिला सगळ्यात भयंकर वाटल्या.

"सूनबाई," ते म्हणाले, "गोधड्या जाड घ्या बरोबर. हवा चांगली आहे तिकडची. पण सकाळचा गारठा असतो."

शाळेतून घरी जायची वाट तळ्यावरून होती. दुसरी वाट नव्हतीच. उन्हं उतरली होती, तळ्याचं पाणी हिरवं, स्थिर, काठच्या घरांच्या ओट्यांवर माणसं बसलेली. आवडीनं आईचं बोट धरलं होतं, गालात खडीसाखर होती, आणि तिला आजचा धडा पक्का झाला होता. पहिल्या घराशी तिनं सुरू केलं. "हे तळं गावाऽचं आहे." ओट्यावरची बाई निवडत्या सुपातून मान वर करून पाहू लागली. दुसऱ्या घराशी पुढची ओळ. प्रयागबाईचा मोकळा हात पोरीच्या तोंडाकडे गेला, ओठांपर्यंत गेला, तिचा ऊन ऊन श्वास तळव्याला लागला, आत बारीक शीळ होती की साखर चोखल्याचा आवाज ते कळेना. ती हात तिथंच धरून दोन पावलं चालली. मग तिनं तो काढून घेतला आणि पोरीच्या खांद्यावर ठेवला. पुढं कुठंतरी एक दार लागल्याचा आवाज झाला, मग त्याच्या शेजारचं. आवडी गात होती. तळ्याचा वळसा अजून अर्धा बाकी होता.